फातोर्ड्याचा जमाखर्च

गेल्या वर्षी, २२ ऑक्टोबर २०२५ रोजी, फातोर्ड्याच्या नेहरू मैदानावर सौदी अरेबियाचा अल नस्र संघ खेळून गेला. ख्रिस्तियानो रोनाल्डो आला नाही, म्हणून पुष्कळांचा हिरमोड झाला. परंतु जे केवळ त्याला पाहण्यासाठी नव्हे, तर फुटबॉल पाहण्यासाठी गेले होते त्यांना एक दृश्य मनात साठवून घरी परतता आले. ब्रायसन फर्नांडिस या गोमंतकीय मुलाने त्या धनाढ्य संघाच्या जाळ्यात चेंडू धाडला. एफ. सी. गोवा संघ एक विरुद्ध दोन गोलांनी हरला. ज्या संघाच्या एका खेळाडूच्या वार्षिक मानधनात आपल्याकडील एखाद्या क्लबाचा संसार कित्येक वर्षे सुखेनैव चालावा, त्या संघाने एवढाच फरक राखावा, यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

तरीही पराभवानंतर जे होते ते झालेच. मडगावच्या बाजारात काय किंवा म्हापशाच्या बसस्थानकावर काय, कोणत्याही पराभवानंतर आमच्या फुटबॉलरसिकांचे दोन पंथ तत्काळ आमनेसामने उभे राहतात. एका पंथाच्या मते सारा दोष प्रशिक्षकाचा: त्याची पद्धत जुनी झाली, त्याचे काही लाडके खेळाडू आहेत, बदली खेळाडू तो वेळेवर उतरवीत नाही. दुसऱ्या पंथाच्या मते प्रशिक्षक बिचारा काय करणार? मालकांनी थैलीचे तोंड आवळून धरले आहे. दोन चांगले विदेशी खेळाडू आणले असते तर चित्र पालटले असते. हा वाद पावसाळ्यातील बेडकांच्या डरकाळ्यांइतकाच नियमित आहे आणि आम्हीही तो चवीने ऐकत आलो आहो. परंतु देशातील फुटबॉलचा संसारच जेव्हा डळमळीत झाला आहे, तेव्हा या वादाचा नीट निवाडा करण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. त्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्याच घरातील दप्तर उघडले तरी पुरे.

त्या दप्तराचे पहिले पान अर्थातच आर्मांद कुलासो यांचे. सुमारे तेरा वर्षे त्यांनी धेंपो क्लबाची धुरा वाहिली आणि त्या काळात पाच वेळा देशाचे अजिंक्यपद गोव्यात आणले: २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय साखळी स्पर्धा, पुढे तिचे नाव आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. २००४-०५ ते २०१२-१३ या नऊ मोसमांत आठ अजिंक्यपदे गोव्याच्या क्लबांनी जिंकली. धेंपोची पाच, चर्चिल ब्रदर्सची दोन, साळगावकरांचे एक. राहिलेल्या एका मोसमात, २००५-०६ मध्ये, मुंबईचा महिंद्र युनायटेड विजयी झाला. आणि त्याचे प्रशिक्षकही आपलेच डेरिक परेरा होते! कोलकत्याच्या दोन्ही मातब्बर क्लबांमागे त्या वेळी युनायटेड ब्रुअरीजसारख्या उद्योगसमूहाचे पाठबळ होते, लाखालाखांचा प्रेक्षकवर्ग होता, शतकाची परंपरा होती. तेव्हा गोव्याचे यश केवळ पैशाचे होते असे म्हणणाऱ्याला, पैसा इतरांकडेही होता याचे उत्तर आधी द्यावे लागेल.

परंतु दुसऱ्या पंथाचे म्हणणेही तितक्याच आस्थेने ऐकले पाहिजे. रँटी मार्टिन्स आणि बेटो हे खेळाडू काही प्रशिक्षकाने मंत्र म्हणून निर्माण केले नव्हते. २०११-१२ च्या आय-लीगमध्ये रँटीने एकट्याने ३२ गोल केले. तो मोसम संपताच तो कोलकत्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला, आणि धेंपोला त्यानंतर देशाचे अजिंक्यपद पुन्हा मिळालेले नाही. स्वतः कुलासोही २०१३ मध्ये क्लब सोडून ईस्ट बंगालकडे गेले. तेथे २०१३-१४ च्या मोसमात संघ उपविजेता ठरला, अजिंक्यपद हाती लागले नाही, आणि २०१५ च्या आरंभी त्यांना निरोप मिळाला. २०११ मध्ये राष्ट्रीय संघाची सूत्रे थोड्या काळासाठी त्यांच्याकडे आली होती. संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या विश्वचषक पात्रता सामन्यांत एक पराभव आणि एक बरोबरी, एवढेच पदरी पडले. मग त्यांची पद्धत गेली कोठे, असे विचारणाऱ्याला आम्ही गप्प बसवू इच्छीत नाही.

आमचे उत्तर असे की, ती पद्धत म्हणजे फळ्यावर काढून दाखवावयाची आकृती नव्हतीच. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा असा एक मेळ जमवून तो वर्षानुवर्षे मोडू न देणे, चेंडू जमिनीवरून एकमेकांकडे देत खेळण्याची सवय अंगात मुरेपर्यंत वाट पाहणे, आणि विदेशी खेळाडू या मेळाच्या माथ्यावर कळस म्हणून ठेवणे, ही ती पद्धत. कळस चोरीला गेला म्हणून देऊळ पडत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपोचा ब्राझिलियन आघाडीपटू ख्रिस्तियानो ज्युनियर दोन्ही गोल करून, दुसऱ्या गोलाच्या वेळी झालेल्या टकरीने मैदानावरच कोसळला आणि गेला. आपला सर्वांत मोलाचा विदेशी गडी अशा रीतीने गमावलेल्या त्या संघाने त्याच मोसमात आपले पहिले राष्ट्रीय साखळी अजिंक्यपद पटकावले. त्या मोसमाची स्पष्टीकरणे पैशाच्या भाषेत आम्हांला तरी देता येत नाहीत.

अशा मेळाला वेळ लागतो, आणि वेळ फुकट मिळत नाही. जिंकत नसलेल्या वर्षीही प्रशिक्षकाला आणि वीस-बावीस स्थानिक मुलांना वेतन देत राहणे, हा खर्चच आहे. किंबहुना तोच खरा खर्च. ईस्ट बंगालने कुलासोंना जेमतेम सव्वा वर्ष दिले. 'पी हळद आणि हो गोरी' या न्यायाने मागितलेले यश तेथे आले नाही, यात नवल कसले?

आता थैलीकडे वळू. गोव्याच्या क्लबांची थैली कोठून भरत होती, हे सर्वांना ठाऊक होते. पण बोलत कोणी नव्हते. साळगावकरांचा क्लब वास्कोत १९५६ मध्ये उभा राहिला, धेंपोंचा त्यानंतरच्या दशकात. दोन्ही घराण्यांची संपत्ती लोहखनिजाच्या बार्जींवरून मांडवी-जुवारीच्या पात्रातून समुद्राकडे जात होती. त्या घराण्यांनी फुटबॉलवर केलेला खर्च हा हौसेचा होता, प्रतिष्ठेचा होता आणि काही अंशी तरी ऋण फेडण्याचा होता. कित्येक खेळाडूंना कंपनीतच नोकरी मिळे आणि बूट टांगल्यावर घर चालण्याची चिंता राहत नसे. हे उपकार आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या धुळीने डिचोली-सांगे भागातील शेते तांबडी झाली, त्याच धुळीतून फातोर्ड्यावरील जल्लोष उगवत होता, हेही तेव्हा विसरले गेले. मालकाने आणखी खर्च करावा असा धोशा लावणाऱ्या रसिकाने, हा पैसा कुठला आणि किती काळ पुरणारा, असा प्रश्न कधी केल्याचे आमच्या स्मरणात नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी बंद केल्या. २०१४ मध्ये अटींवर त्या उघडण्यास परवानगी मिळाली, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा कुलूप पडले. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. खाणी गेल्या म्हणून फुटबॉल गेला, हे सूत्र सांगावयास सोपे असले तरी पुरते खरे नाही. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवा कंपनीला विकला होता आणि त्यानंतरही क्लबाने दोनदा अजिंक्यपद मिळविले. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले, त्याचे जाहीर कारण वेगळे होते. अखिल भारतीय महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचे घाटत होते आणि वरच्या श्रेणीचे दार मैदानावरील कामगिरीने नव्हे, तर पैसे मोजून उघडणार होते. त्या बहिष्कारातील स्वाभिमान आम्हांला समजतो. पण खाणीची तिजोरी पूर्वीसारखी भरलेली असती तर तो स्वाभिमान इतक्या लवकर मैदान सोडून गेला असता काय, ही शंका मनातून जात नाही.

आणि हे केवळ गोव्यात घडले असेही नाही. महिंद्र युनायटेड हा क्लब २०१० मध्ये बंद झाला. फगवाड्याचा जेसीटी, ज्याने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय साखळी स्पर्धा जिंकली होती, २०११ मध्ये. दोन्हींमागील उद्योगसमूह काही एका दिवसात भिकेला लागले नव्हते. संचालक मंडळाचा एक ठराव झाला आणि क्लब संपला. मालकाच्या मर्जीवर चालणारा खर्च कितीही मोठा असला तरी तो एका ठरावाच्या अंतरावर उभा असतो.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि वादाला नवे कोलीत मिळाले. एफ. सी. गोवा संघाने थेट झिको यांना आणले. ब्राझीलच्या या थोर खेळाडूच्या हाताखाली संघाने २०१५ मध्ये फातोर्ड्यावरच अंतिम सामना खेळला आणि अखेरच्या क्षणांत चेन्नईयिनकडून ३–२ असा गमावला. पुढल्याच वर्षी तोच गुरू, तोच क्लब, आणि संघ तळाला! वयाने आणि कीर्तीने थोर असलेला प्रत्येक प्रशिक्षक शहाणपणाचा अक्षय झरा असतो, असे मानणाऱ्यांनी २०१६ चा तो मोसम आठवावा.

त्यानंतर आलेल्या सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाची कथा तर या वादाचे सार आहे. तीन मोसम त्यांच्या संघाने असा देखणा खेळ केला की प्रतिस्पर्ध्यांनीही टाळ्या वाजवाव्यात. २०१९ मध्ये सुपर कप आला. ३१ जानेवारी २०२० रोजी, संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असताना आणि साखळीचे तीनच सामने उरले असताना, क्लबाने त्यांना दूर केले. रसिक संतापले. सूत्रे क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली, आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरवर पाच गोलांनी विजय मिळवून संघाने साखळीतील अव्वल स्थानाची ढाल जिंकली. आशियातील सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान गोव्याला त्यामुळेच मिळाला. प्रशिक्षक बदलूनही संघ जिंकला, तेव्हा प्रशिक्षकाला महत्त्व नाही, असा निष्कर्ष तेव्हा काहींनी काढला.

पण कथा तेथे संपत नाही. लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. त्या क्लबात इंग्लंडच्या मँचेस्टर सिटीमागील समूहाने २०१९ मध्येच बहुतांश भागीदारी घेतली होती. मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू आणि आपला मंदार राव देसाई हे सारे गोव्याचे खेळाडू मुंबईला गेले, आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने ढालही जिंकली व करंडकही. आता पैशाचा पंथ म्हणणार, पाहा, पैसा जिंकला. प्रशिक्षकाचा पंथ म्हणणार, पाहा, लोबेरा जिंकले. दोघेही आपापल्या परीने खरे. पण त्या मुंबईच्या विजयाचे पीक गोव्याने तीन वर्षे मशागत केलेल्या शेतातले होते, ही गोष्ट दोघांच्याही ध्यानात येत नाही. मशागत एकाची आणि कापणी दुसऱ्याची, हा व्यवहार या खेळात आता रूढ झाला आहे. दुबळ्या क्लबाचे रक्षण त्यातून कसे करावे, हा खरा प्रश्न आहे.

जगातही हाच झगडा चालतो. आमच्या तरुणांना जो क्लब मुखोद्गत आहे, त्या आर्सेनलचेच पाहा. आर्सेन वेंगर १९९६ पासून २०१८ पर्यंत, बावीस वर्षे, तेथे होते. २००३-०४ मध्ये त्यांचा संघ साखळीत एकदाही हरला नाही. नंतर क्लबाने सुमारे ३९ कोटी पौंड खर्चून नवे मैदान बांधले, २००६ मध्ये तेथे मुक्काम हलविला, आणि त्या कर्जाच्या वर्षांत वेंगर काटकसरीने संघ चालवीत राहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये ॲस्टन व्हिलाकडून पहिलाच सामना घरच्या मैदानावर हरल्यावर पैसे खर्च करा, असा घोष प्रेक्षकांनीच केला. पैसे मग खर्च झाले, तीन एफ. ए. चषक आले, पण साखळी अजिंक्यपद त्यांना पुन्हा मिळाले नाही आणि अखेर 'आता पुरे' म्हणणारे फलक उभारले गेले. ते गेल्यावर क्लबाने खर्चाचे सारे बांध सोडले. तरीही २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. तेच वेंगर जागतिक महासंघाचे पदाधिकारी या नात्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये भुवनेश्वरला येऊन मुलांसाठीच्या प्रबोधिनीचे उद्घाटन करून गेले. इंग्लंडच्या आणि आमच्या रसिकांत फरक इतकाच की, तेथील क्लबांचे ताळेबंद दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात आणि चर्चा निदान आकड्यांवर होते. आमच्याकडे ती कर्णोपकर्णी आलेल्या वार्तांवर होते.

कुलासोंच्या तेरा वर्षांचा जमाखर्च आज मांडला तर काय दिसते? रँटी गेला, बेटो गेला. त्यांच्यावरील खर्चाचे फळ करंडकांच्या कपाटात आहे आणि ते कमी मोलाचे नाही. पण मैदानावर आज काय उरले आहे? क्लिफर्ड मिरांडा यांनी गोव्याची ढाल जिंकून दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये ओडिशा संघाला सुपर कप मिळवून दिला. महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात पोहोचले. समीर नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली धेंपो क्लब २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. विदेशी खेळाडूवरील खर्च त्याच्याबरोबर विमानात बसून गेला. स्थानिक मुलांना दिलेला वेळ प्रशिक्षक होऊन परत आला. म्हणून प्रशिक्षक की पैसा, हा प्रश्नच आम्हांला चुकीचा वाटतो. पैसा लागतोच; तो खरेदीवर जातो की संगोपनावर, हे विचारले पाहिजे.

आणि हे विचारण्याचा अधिकार रसिकाला आहे. 'खर्चणाऱ्याचे खर्चते आणि कोठावळ्याचे पोट दुखते' अशी आपल्याकडे म्हण आहे. पैसा आमचा, तुम्हांला काय त्याचे, असे म्हणणारे मालक तिचाच आधार घेतात. पण फातोर्ड्याचे मैदान मालकांनी बांधलेले नाही. १९८९ मध्ये ते उभे राहिले, २०१४ च्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धा आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या निमित्ताने त्याची डागडुजी आणि सजावट झाली, ती जनतेच्या पैशाने. तिकीट काढणारा आणि कर भरणारा हा दोन्ही परींनी भागीदार आहे.

जुलै २०२५ मध्ये सुपर लीगच्या आयोजकांनी नवा मोसम स्थगित केल्याचे कळविले, कारण महासंघाशी असलेला त्यांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि पुढचा ठरला नव्हता. बंगळूरसारख्या मोठ्या क्लबाने खेळाडूंचे वेतन थांबविले. इतरांनी मुख्य संघाचे कामकाज बंद ठेवले. आय-लीगचे २०२४-२५ चे अजिंक्यपद तर चर्चिल ब्रदर्सचे की वाराणसीच्या इंटर काशीचे, याचा निर्णय स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने केला. तो चर्चिलच्या विरुद्ध गेला. वरच्या मजल्यावर अशी अनागोंदी असताना तळमजल्यावरील तेरा वर्षांच्या मुलाचे काय होते, हे कोणी पाहत नाही. खर्चाला कात्री लावावयाची झाली की ती आधी त्याच्या संघाला लागते. कारण त्याचा पराभव कोणत्याही बाजारात चर्चिला जात नाही. ताळगाव, नावेली, बाणावली, कुडचडे येथील मुलांनी पावसाळ्यात चिखलात खेळावे आणि सतराव्या वर्षी बोटीवर किंवा परदेशी नोकरीला निघून जावे, ही घरोघरची कहाणी आहे.

क्लबांना आशियाई परवान्यासाठी वयोगटांतील संघांची माहिती आणि हिशेब सादर करावेच लागतात. ते कागद तयार असतात. फक्त आपल्या दृष्टीस पडत नाहीत. आमची मागणी एवढीच की, पहिल्या संघाच्या वेतनावर किती, अठरा वर्षांखालील संघांवर किती आणि स्थानिक प्रशिक्षकांवर किती खर्च झाला, हे तीन आकडे प्रत्येक क्लबाने मोसमाच्या आरंभी जाहीर करावेत. गोवा फुटबॉल संघटनेने आपल्या साखळी स्पर्धेच्या नोंदणीला हीच अट जोडावी आणि सरकारी मैदान भाड्याने देताना क्रीडा खात्यानेही ती घालावी. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही, नवा पैसाही लागत नाही. धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, चर्चिल आणि एफ. सी. गोवा यांपैकी आपली वही लोकांपुढे प्रथम कोण उघडतो, याकडे आमचे लक्ष राहील.